टाळ्या आणि चीवर





२६ मार्च २०२० च्या गुरुवारी रात्री आठ वाजता आपण ब्रिटनमध्ये आपापल्या दारात उभे राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवल्या. असे दहा गुरुवार झाले. पुढे १५ डिसेंबर २०२२ ला त्याच नर्सेस पगारवाढीसाठी संपावर गेल्या. टाळ्या खोट्या नव्हत्या, पण त्या पुरल्या नाहीत.

आपल्या विहारात येणाऱ्या एका ताईंनी ऐन साथीत वॉर्डातली नोकरी सोडली. "ही कसली करुणा?" असे मी मनात म्हटले होते, हे कबूल करतो. नंतर त्या म्हणाल्या, "दोघींचे काम एकटीने करताना एखाद्या पेशंटकडे लक्ष राहून गेले तर? ही भीती मी रोज घरी आणत होते."

विनयपिटकातल्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजवले. ही करुणा आपण नेहमी सांगतो. पुढचा भाग मात्र सांगायचा राहतो. रुग्णाची काळजी कोणी घ्यायची, हे तथागतांनी क्रमाने ठरवून दिले, आणि कोणीच नसेल तर जबाबदारी संपूर्ण संघाची. शिवाय रुग्ण भिक्खू मरण पावला, तर त्याचे पात्र आणि चीवर संघाने सेवा करणाऱ्याला द्यावे, अशी मुभा दिली. म्हणजे सेवेचे नुसते कौतुक केले नाही. तिचा भार वाटला आणि तिला वाटाही दिला.

मी आयटीत काम करतो. सगळा भार एकाच सर्व्हरवर टाकला आणि तो बंद पडला, तर आम्ही सर्व्हरला नावे ठेवत नाही, रचना तपासतो. माणसाला मात्र आपण सहज कृतघ्न म्हणतो.

सावित्रीमाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याकडून तो गृहीत धरणे हे शोषण आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी नर्स नोकरी सोडताना दिसली, तर "ती का गेली?" असे विचारण्याआधी स्वतःला विचारा: ती टिकावी म्हणून आपण कोणता भार उचलला? रात्रपाळी करणाऱ्या ताईंची मुले सांभाळण्यापासून आपल्या विहारातही सुरुवात करता येईल.

जय भीम.