हरिपूरचं पेव

साताऱ्यातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एक भाऊसाहेब होते. माणूस कामाचा. कुणाचा अर्ज अडू नये म्हणून सगळ्या मुलांचे आधार क्रमांक, जात, उत्पन्न, बँक खातं अशी एकच यादी करून त्यांनी ती स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. कॉम्प्युटरचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, गणपतीच्या फोटोशेजारी. रजेवर गेले तरी काम चालू. अशा माणसाला नावं कोण ठेवणार?

एके दिवशी सांगलीकडच्या एका मुलीला फोन आला. "शिष्यवृत्ती मंजूर झालीय." बोलणाऱ्याला वडिलांचं उत्पन्न, खात्याचे शेवटचे चार आकडे, सारं तोंडपाठ. ऑफिसातलाच असणार असं वाटून तिनं ओटीपी सांगितला. खातं रिकामं झालं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे तोवर पुढे गेले होते.

मुलीबरोबर आजोबा कॉलेजात आले. हरिपूरचे, हयात हळदीच्या पेवांवर हमाली करण्यात गेलेली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खणलेली ही कोठारं. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवा नाही, कीड नाही.

"आमच्या कॉम्प्युटरला पासवर्ड आहे, आजोबा," भाऊसाहेब म्हणाले.

आजोबांनी काचेवर बोट ठेवलं. "ह्योच का?"

भाऊसाहेब गप्प.

"पेवातली हळद आमची नसायची. ठेवायला दिलेली. म्हणून तर मालकाला इचारल्याबिगर तोंड उघडत नव्हतो. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हा ज्याचं पेव बुडालं त्याची हळद गेली. तुमी तर समद्या पोरांची हळद एकाच पेवात भरलीया, आणि तोंड उघडं!" मग यादीतली जुनी नावं पाहून, "ही पोरं कवाच शिकून गेली, मग ह्यांचा माल अजून कशाला?"

२०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही हेच आहे: काम संपलं की माहिती पुसा. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. तसं परिपत्रक भाऊसाहेबांनी सही करून फायलीला लावलं होतं. आपल्याकडे परिपत्रक वाचायचं नसतं, लावायचं असतं.

त्या संध्याकाळी काचेखालची चिठ्ठी फाडली गेली, पासवर्ड बदलला, जुनी नावं पुसली गेली. ग्रुपवरची यादी काढली, पण ती कुणाकुणाच्या फोनमध्ये उतरली होती हे कळायला मार्ग नव्हता. भाऊसाहेब एकेकाच्या टेबलाशी जाऊन ती पुसायला लावत राहिले.

आठवड्यानं प्राचार्य म्हणाले, "भाऊसाहेब, ती यादी टाका की जरा ग्रुपवर."

"कुणाची माहिती, कशासाठी, तेवढं लिहून द्या, सर. तेवढीच काढून देतो."