पाचवं कारण

आमच्या धंद्यात दैवाला फार काम पडतं. इंजिनच्या हेडला तडा गेला, दैव. क्रँकच्या जर्नलवर चरा उठला, दैव. ब्लॉकचा कान तुटला, तेही दैवच. ट्रकचा ड्रायव्हर तसं म्हणतो, गोदामातला हमाल म्हणतो, आणि माल पाठवणारा तर सगळ्यांत आधी म्हणतो. इतक्या लोकांचं एकमत झालं की मला संशय येतो.

आमगावात देवरी रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. इंजिन इथे उघडतो, पण बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी माल नागपूरला जातो, कधी रायपूरला. त्यामुळे जड लोखंड बांधणं आणि दुसऱ्याचं बांधलेलं सोडणं, यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

सालेकशाकडचे एक निवृत्त गुरुजी माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या कारसाठी बाहेरगावाहून जुनं हेड मागवलं होतं. आलं ते पोत्यात, भोवती धानाची तणस. पाठवणाऱ्यानं हेड सपाट तोंडावर बसवलं होतं, कारण तसं ते छान बसतं. पण हेडमध्ये कॅमशाफ्ट लावलेला असेल तर तो कुठेही थांबला तरी काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, म्हणजे त्या सपाट तोंडाच्या बाहेर आलेले असतात. सगळं वजन त्यांच्यावर, वर रस्त्याचे दणके. तीन व्हॉल्व्ह वाकले होते.

"नशिबात नव्हतं जी, मिस्त्री," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, खाली दोन लाकडी पट्ट्या असत्या तर नशिबाला शिरायला जागाच नव्हती."

ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला मात्र पिशवीत गीता घेऊन आले आणि अठरावा अध्याय उघडून माझ्यासमोर धरला. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे श्रीकृष्ण सांगतो : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. गुरुजींचं बोट पाचव्यावर होतं. माझं लक्ष वरच्या चारांवर गेलं. भगवंतानंही दैवाला शेवटी बसवलंय, हे मला फार बरं वाटलं.

शास्त्री लोक अधिष्ठान म्हणजे शरीर सांगतात. मला तिथे लाकडी पॅलेट दिसतं, त्याला इलाज नाही. चार सिलिंडरचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक चाळीस-पन्नास किलोंचा सहज असतो, पूर्ण इंजिन तर दीडशेच्या वर जातं. त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून भोवती थर्माकोल कोंबणारे लोक आहेत. थर्माकोलचा दोन दिवसांत भुगा होतो. भुगा झाला की पोकळी, पोकळी झाली की लोखंड हलायला लागतं, आणि हललेलं लोखंड स्वतःच खोकं फोडून बाहेर येतं. म्हणून मी इंजिन त्याच्याच माउंटिंगच्या भोकांतून बोल्टनं पॅलेटवर आवळतो. वरून पत्र्याची पट्टी. धक्का बसलाच तर तो पॅलेटसकट सगळ्याला बसावा, एकट्या कानाला नको.

त्याआधीची कामं कंटाळवाणी असतात आणि नेमकी तीच टाळली जातात. ऑइल आणि कूलंट पूर्ण काढायचं. सगळी तोंडं बुचानं बंद करायची, नाहीतर लाकडाचा भुसा सिलिंडरात जातो. घासलेल्या पृष्ठभागावर ऑइलचा हात फिरवून मेणकागद गुंडाळायचा, कारण पावसाळ्यात इथल्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत तांबडं होतं. क्रँक आडवा पाठवायचा तर मेन जर्नलखाली खाचा पाडलेलं लाकूड हवं, दोन टोकांवर तोललेला नको. ओतीव लोखंड वाकून माफी मागत नाही, सरळ तडकतं.

गंमत अशी की सरकारी कायदासुद्धा गीतेच्या याच अध्यायातून उतरवल्यासारखा वाटतो. रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी १८६५ चा इंग्रजी अमलातला कायदा होता, त्याच्या जागी २००७ साली नवा आला. नुकसानीच्या जबाबदारीतून वाहतूकदार कधी सुटतो त्याची कारणं त्यात मोजून दिलीत : दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, जप्ती, सरकारी मनाई. आणि लगेच पुढे म्हटलंय की पुरेशी काळजी घेऊन नुकसान टळलं असतं, तर यातलं कारण सांगूनही सुटका नाही. म्हणजे दैवाचं नाव घ्यायचं तर आधी आपला हिशेब दाखवा.

गुरुजी एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी विनोबांची गीता-प्रवचनं वाचायला दिली. ही प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळाची आशा सोडणाऱ्याचं काम फळाला चिकटलेल्यापेक्षा जास्त चांगलं व्हायला हवं, असं विनोबांचं म्हणणं, कारण त्याचं लक्ष फुटत नाही. मला ते आधी पटलं नाही. पॅकिंग करताना माझ्या डोळ्यासमोर फळाशिवाय दुसरं काय असतं? प्रत्येक खिळा पुढच्या खड्ड्याचा विचार करून ठोकायचा. फळ सोडून दिलेला माणूसच पोत्यात तणस भरून मोकळा होतो!

बरेच दिवस घोळवल्यावर मला असं दिसतं की इथे दोन फळं आहेत. क्रँक सरळ पोचावा, हे एक. आमगावचा मिस्त्री काय बांधतो, असं लोकांनी म्हणावं, हे दुसरं. दुसरं सोडता येतं. पहिलं सोडलं तर ते वैराग्य नाही, कामचुकारपणा आहे. आणि माल गाडीत चढल्यावर रात्रभर जागून काळजी करण्यात पहिल्या फळाचा काहीही फायदा नसतो, हेही खरंच.

शिवाय खोकं उघडणारा माणूस मला बहुतेक वेळा माहीत नसतो. अनोळखी माणसावरून आठवलं, आमगावला लागून पदमपूर आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलंय. या भवभूतीनं 'मालतीमाधव' नाटकाच्या सुरुवातीलाच, कदाचित अजून जन्मालाही न आलेल्या रसिकावर भरवसा टाकला. त्याच्या मालाला पत्ताच नव्हता. माझ्याकडे निदान पिनकोड असतो. तरी मी आत एक कागद ठेवतो, मराठीत आणि हिंदीत : कुठली पट्टी आधी कापायची, कुठला बोल्ट शेवटी सोडायचा. बरीच तूटफूट प्रवासात होत नाही, उघडताना होते.

गीतेच्या त्याच अध्यायात, पाच कारणांच्या दोन श्लोक पुढे आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र मला टोचते. हे सगळं मी एकट्यानं केलं असं ज्याला वाटतं, त्याला काही दिसत नाही, असं तिथे म्हटलंय. माझं तोंड जरा जास्त चालायला लागलं की गुरुजी नेमकं तेच पान काढतात. पूर आला, ट्रक पुलावरून खाली गेला, तर माझे बोल्ट काय करणार?

"एवढं चारांवर भागत असंल तर मग विमा कायले काढता जी?" त्यांनी परवा विचारलं.

"पाचव्यासाठी," मी म्हणालो.

आता बिलात मी दोन ओळी वेगळ्या लिहितो. लाकूड, पट्टी, बोल्ट, मजुरी एका ओळीत, विम्याचा हप्ता दुसऱ्या. गुरुजींच्या नव्या हेडचं बिल तसंच केलं. पहिली ओळ त्यांनी मुकाट्यानं दिली. दुसऱ्या ओळीवर पंधरा मिनिटं घासाघीस केली.