शेकडा चार

शाळेतल्या व्याजाच्या गणितात ‘द.सा.द.शे.’ हमखास असायचं. दर साल दर शेकडा. रामरावांनी सावकाराकडून अमुक रुपये द.सा.द.शे. बारा दराने घेतले, तर पाच वर्षांनी किती फेडावे लागतील? रामरावांना पैसे कशाला लागले, त्यांच्या बैलजोडीचं पुढे काय झालं, याच्याशी गणिताला कर्तव्य नसे. आम्ही ‘दर साल’ हे दोन शब्द वाचतच नसू. नजर सरळ ‘शेकड्या’वर जायची, आणि मार्क नेमके तिथेच जायचे.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे आकडे वाचताना हे गणित डोक्यात येतं. तिथला हिशेब दर रात्री दर शेकडा असा होता. युद्धाच्या ऐन भरात जर्मनीवर निघालेल्या शंभर विमानांपैकी चारेक परत येत नसत. एखाद्या रात्री तीन, एखाद्या रात्री सहा. चार म्हणजे फार वाटत नाही. शहाण्णव आलीच की! सरकारी कागदांत याला ‘वेस्टेज’ म्हणत. आपल्याकडे चाळीत कांदा भरून ठेवला की त्याची घट धरतात, तसाच शब्द. घट धरलेलीच असते, तिच्याबद्दल कोणी रडत बसत नाही.

पण विमानातल्या पोरांना एक रात्र जायचं नव्हतं. त्यांची ‘टूर’ तीस मोहिमांची. शंभरातून चार गेले, उरलेल्या शहाण्णवांतून पुन्हा शेकडा चार, असं तीस वेळा करून पाहा. चक्रवाढ, पण उलटी. शेवटी एकोणतीस उरतात. दर पाच धरला तर एकवीस. वरच्या कार्यालयात रात्र मोजली जायची आणि बराकीत तीस रात्री मोजल्या जायच्या. दोघांचंही गणित बरोबर होतं. बराकीतल्या पोरांना गणित येत नव्हतं असं कोणी समजू नये. नॅव्हिगेटरचं तर कामच आकडेमोडीचं.

सुमारे सव्वा लाख माणसांनी बॉम्बर कमांडच्या विमानांतून उड्डाणं केली. त्यांतले ५५,५७३ मेले. शंभरात चव्वेचाळीस. सरासरी वय बावीस-तेवीस. विमानात बसणारा प्रत्येक जण स्वतःहून आलेला. या कामाला सक्तीची भरती नव्हती. इंग्लंडखेरीज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅरिबियन बेटं, पोलंड, कुठून कुठून मुलं आलेली. मेलेल्यांत एकट्या कॅनडाचे दहा हजारांच्या आसपास.

रेडिओवरच्या बातमीत मात्र माणूस नसायचा. काल रात्री आमची इतकी विमानं परत आली नाहीत, एवढंच. बातमीचं एकक विमान. एका लँकेस्टर बॉम्बरमध्ये सात माणसं असत, तेव्हा ऐकणाऱ्याने मनातल्या मनात साताने गुणायचं. ज्याचं कोणी त्यात होतं तो गुणायचा, बाकीचे पुढची बातमी ऐकायचे.

या हिशेबाच्या पहिल्या पानावर एक नाव आपल्या ओळखीचं आहे. युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ला, विल्हेल्म्सहाफेनजवळच्या जर्मन युद्धनौकांवर ब्लेनहाइम विमानं गेली. त्यांतली पाच ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, आणि या स्क्वाड्रनचं नाव होतं ‘हैदराबाद’. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, निजामाने या स्क्वाड्रनला विमानं भेट दिली होती. तेव्हापासून ते नाव चिकटलेलं. निजामाची तिजोरी म्हणजे त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडचा शेतसाराही आलाच. काळ्या रानात ज्वारी काढणाऱ्या कुळाला आपला सारा कोणत्या आभाळात उडतोय याचा पत्ता असण्याचं कारण नाही. त्या दिवशी ‘हैदराबाद’चं एक विमान परत आलं नाही. सोबतच्या १०७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पाचांतली चार गेली. जहाजांवर पडलेले काही बॉम्ब तर फुटलेच नाहीत.

दिवसा गेलं तर असं होतं, म्हणून मग रात्री जायचं ठरलं. रात्री गेलं तर खालचं दिसेना. १९४१च्या ऑगस्टमध्ये छायाचित्रं तपासून एक अहवाल तयार झाला: लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी तीनात एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. कारखाना सापडत नाही, शहर सापडतं. तेव्हा शहरच लक्ष्य झालं. ३० मार्च १९४२ला चर्चिलचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी एक टिपण दिलं. बंगालच्या दुष्काळात हिंदुस्थानला धान्याची जहाजं पाठवू नयेत असं चर्चिलच्या कानाशी सांगणाऱ्यांत पुढे हेच होते. टिपणातला हिशेब असा: एक विमान आपल्या आयुष्यात साधारण चौदा मोहिमा करतं, प्रत्येक वेळी तीनेक टन बॉम्ब नेतं, म्हणजे चाळीसेक टन, ते वस्तीवर टाकले तर चार ते आठ हजार माणसं बेघर होतील. गुणाकारात चूक नाही. मी मात्र त्या ‘चौदा’पाशी अडकतो. विमानाचं आयुष्य चौदा मोहिमांचं धरलेलं आणि त्यात बसणाऱ्याने तीस करायच्या! मधे दुसरं विमान देता येतं, हे खरं. पण पहिलं परत आलं नाही तर दुसऱ्यात बसायला कोण येणार, हा प्रश्न त्या टिपणाच्या कक्षेत नव्हता.

आता ‘बुजगावण्यां’ची गोष्ट सांगायला हवी, कारण या सगळ्या प्रकरणात मला ती सर्वांत जास्त छळते. रात्रीच्या काळोखात, वीस हजार फुटांवर, आजूबाजूला एकाएकी आगीचा मोठा गोळा फुटायचा. नारिंगी ज्वाळा, धूर, खाली गळणारे जळते तुकडे. परत आलेली पोरं चौकशीच्या वेळी हे सांगायची. त्यांना उत्तर मिळायचं की घाबरू नका, जर्मन लोक तुम्हाला भेदरवायला एक खास गोळा उडवतात. तो फुटला की विमान पेटल्यासारखा दिसतो. त्याला नाव होतं ‘स्केअरक्रो’, बुजगावणं. ज्वारीच्या शेतात मडक्याचं डोकं लावून उभं करतात तेच. पाखरांनी भ्यावं, पण त्यात जीव नसतो. युद्ध संपल्यावर शोध घेतला तर जर्मनांकडे असा गोळा असल्याचा पुरावाच मिळाला नाही. आकाशात फुटलेली ती खरी विमानं होती. आत सात-सात जण होते. शेजारून जाणाऱ्या पोरांनी आपल्याच सोबत्यांचा मृत्यू डोळ्यांनी पाहिला आणि सकाळी चहा पिता पिता त्याची नोंद बुजगावणं म्हणून केली.

खोटं सांगून धीर द्यावा की खरं सांगून हात कापवावेत, हा सोपा प्रश्न नाही. पण या खोट्याची किंमत नुसत्या भावनेत मोजता येत नाही. १९४३च्या उत्तरार्धापासून जर्मन रात्रविमानांनी वरच्या दिशेला रोखलेल्या तोफा बसवल्या होत्या. ती विमानं गुपचूप बॉम्बरच्या पोटाखाली येत आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर मारा करत. ब्रिटिश विमानांना खाली पाहायला धड खिडकी नव्हती. ज्याच्यावर असा मारा झाला तो सांगायला क्वचितच परत आला. माहिती फक्त परतलेल्यांकडून गोळा होत होती, आणि परतलेल्यांनी जे पाहिलं त्याला बुजगावणं म्हटलं जात होतं.

कमांडच्या मुख्यालयात आकडे तपासणाऱ्यांत फ्रीमन डायसन नावाचा एक पोरगा होता. पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला. तिथे रुजू झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे मरायला जाणाऱ्यांपेक्षाही लहान. अनुभवी तुकडी जास्त वाचते, पहिल्या काही मोहिमा निभावल्या की पुढचं सोपं, असं मुलांना सांगितलं जायचं. डायसनने हिशेब मांडला तर अनुभवाचा आणि वाचण्याचा संबंध दिसेना. एकोणतिसाव्या रात्रीचा धोका पहिल्या रात्रीइतकाच. हे मुलांना कोणी कळवलं नाही.

दुसरी गोष्ट दाराची. लँकेस्टर हे चांगलं विमान होतं, हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बरपेक्षा जास्त बॉम्ब नेणारं आणि शेकड्याच्या हिशेबात कमी पडणारं. पण पडायला लागल्यावर त्यातून सुटायचं दार नाकाच्या तळाशी होतं, बावीस इंच रुंद. आपल्या जुन्या मापाने एक हात पाच बोटं. हॅलिफॅक्सचं दोन इंचांनी मोठं. अंगात जाड गरम कपडे, त्यावर पाण्यात तरंगायचं जाकीट, छातीवर पॅराशूटचं गाठोडं, विमान गिरक्या घेतंय, काळोख. पाडलेल्या हॅलिफॅक्समधून शंभरातले पंचवीस वाचत, लँकेस्टरमधून पंधरा. अमेरिकन बॉम्बरमधून पन्नास. अर्थात ते दिवसा उडत. दार मोठं करा, असं डायसनचा एक सहकारी दोन वर्षं सांगत राहिला. ते होईपर्यंत युद्ध संपत आलं. दर रात्रीच्या शेकड्यात दाराच्या रुंदीला जागाच नव्हती. विमान पडलं की ते खर्ची पडलं. आतून दोन निघाले की पाच, याने विमानांच्या रकान्यात फरक पडत नव्हता.

तळावरची माणसं हे रकाने आपल्या परीने भरत. मोहिमेवर जाणाऱ्याला अंडं मिळायचं. रेशनच्या काळात ती चैन. ‘तू नाही आलास तर तुझं अंडं मी खाऊ का?’ हा तिथला घासून गुळगुळीत झालेला विनोद. नियंत्रण कक्षात फळा असे. विमानाचं अक्षर, वैमानिकाचं नाव, निघाल्याची वेळ आणि परतल्याची वेळ. पहाटे एकेक खाना खडूने भरत जायचा. जो भरला नाही त्याच्या खाटेकडे सकाळी दोन-तीन जण जायचे, कपडे, पुस्तकं, फोटो गोळा करायचे आणि पत्रं चाळायचे. आईच्या किंवा बायकोच्या हाती पडू नये असं काही त्यात असलं तर बाजूला काढायचे. संध्याकाळपर्यंत त्या खाटेवर नवा पोरगा. मेलेल्या अनोळखी मुलाची प्रेमपत्रं वाचून त्याची अब्रू राखणारा तो कारकून मला या युद्धातल्या बऱ्याच सेनापतींपेक्षा जवळचा वाटतो.

ज्याला हे झेपेनासं झालं, जो म्हणाला की आता मी जाणार नाही, त्याच्या कागदांवर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शेरा पडे. वीस मोहिमा केलेल्यालाही तो शेरा चुकत नसे. त्याला गणित जमलं होतं, एवढाच त्याचा दोष असेल.

आणि खाली? २७ जुलै १९४३च्या रात्री ७८७ विमानं हॅम्बुर्गला गेली. रडारला चकवायला चंदेरी कागदाच्या पट्ट्या आकाशात उधळायची युक्ती तीनच रात्रींपूर्वी पहिल्यांदा वापरलेली, त्यामुळे जर्मन तोफा आंधळ्या झालेल्या. १७ विमानं परत आली नाहीत. शेकडा दोनाहून थोडं जास्त. हिशेबनिसाच्या दृष्टीने फार चांगली रात्र. त्याच रात्री हॅम्बुर्गच्या कामगारवस्त्यांत आगीचं वादळ उठलं. त्या आठवड्यातल्या हल्ल्यांत सदतीस हजारांच्या आसपास माणसं मेली, त्यांतली बहुतेक त्या एका रात्रीत. उलट ३० मार्च १९४४ला न्यूरेम्बर्गवर ७९५ गेली, चांदणं होतं, वाट लांब आणि सरळ होती. ९५ आली नाहीत. ५४५ जण मेले. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये कित्येक आठवड्यांत जेवढे लढाऊ वैमानिक मेले, जवळजवळ तेवढे इथे एका रात्रीत. शहराचं नुकसान किरकोळ. ती ‘वाईट’ रात्र. वरच्यांचा तोटा आणि खालच्यांचा तोटा एका वहीत मांडायची सोयच नव्हती. मला ती आजही सापडत नाही. पोरांबद्दल जीव तुटतो आणि हॅम्बुर्ग आठवलं की तो तुटणं थांबतं. पुन्हा वय आठवतं, बावीस.

ब्रिटनलाही ही वही उघडायला जड गेलं. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये या माणसांचं स्मारक उभं राहायला २०१२ साल उजाडलं. लिंकनमध्ये त्यानंतर उभारलेला मनोरा १०२ फूट उंच आहे. लँकेस्टरच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतची लांबी तेवढीच. ज्यांची थडगीच नाहीत अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं थेम्सकाठी रनिमीडला दगडात कोरलेली आहेत.

त्यांची काही विमानं अजून सापडताहेत. हॉलंडमधल्या मार्कर सरोवरात २००८ साली एका बोटीच्या नांगराला जुन्या विमानाचा तुकडा अडकून वर आला. १९४३च्या मार्चमध्ये बर्लिनहून परतताना पडलेलं स्टर्लिंग बॉम्बर होतं ते. कागदपत्रांवरून त्याचा क्रमांक ठरवण्यात आला, बीके ७१०. मग गाळातून एक सिगारेटची डबी निघाली. तिच्यावर मालकाच्या नावाची आद्याक्षरं होती, आणि ७१० मध्ये त्या अक्षरांचा कोणी नव्हता. तो ७१६ मधला तोफची होता. २०२०मध्ये विमान वर काढलं, तेव्हा ते बीके ७१६ म्हणूनच काढलं.