नवीन सत्र, नवी तयारी



कॉलेजचे नवीन सत्र सुरू होत आहे. फी, पुस्तके, रेल्वेचा पास यांची धावपळ घरोघरी चालू आहे. पण मनाच्या तयारीचे काय?

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता, असे संत लूक सांगतो (२:४६). आपली मुले मात्र समजले नाही तरी विचारायला लाजतात. विषय राहिला की ‘एटीकेटी’ हा शब्द घरात लपवला जातो. मग बोलणे थांबते आणि हळूहळू मिस्साला येणेही थांबते.

संत थॉमस अक्विनास वर्गात गप्प बसत. सोबती त्यांना ‘मुका बैल’ म्हणून चिडवत. त्यांची बुद्धी ओळखली ती त्यांचे गुरू संत आल्बर्ट यांनी. पुढे १८८० साली पोप तेरावे लिओ ह्यांनी याच थॉमस यांना कॅथलिक विद्यापीठांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

पालकहो, टक्के विचारण्याआधी ‘तुला काय जड जाते?’ असे विचारू या. विद्यार्थी मित्रांनो, राहिलेल्या विषयाला रोज एक तास द्या. अडले तर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना विचारा. अभ्यासाला बसताना पवित्र आत्म्याला हाक मारा. प्रार्थना अभ्यासाची जागा घेत नाही, अभ्यासाला बळ देते.

आज संध्याकाळच्या रोझरीत आपण आपल्या मुलांची नावे घेऊ या. पास झालेल्यांची आणि राहिलेल्यांचीही. गुणपत्रिका हाती येण्याच्या कितीतरी आधी, बाप्तिस्म्याच्या दिवशीच, देवाने त्यांना आपली लेकरे म्हटले आहे.