डोंगरगाडीचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक प्रश्न निघाला. नेरळहून माथेरानला जी छोटी आगगाडी जाते, तिच्यातून आईला एकदा फिरवून आणावे की नाही? एवढ्याशा प्रश्नावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणी विचारील. परंतु माणसाची नीती मोठ्या प्रसंगी जितकी कळते, तितकीच ती असल्या किरकोळ खर्चाच्या प्रसंगीही कळते असा माझा अनुभव आहे. मोठ्या प्रसंगी चार माणसे पाहत असतात. किरकोळ खर्चाच्या वेळी आपण आणि आपले पाकीट एवढेच असतो.

आई सोलापूर जिल्ह्यातली, माढ्याकडच्या एका खेड्यातली. या मुलखात डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. काळी, सपाट जमीन, ज्वारीची ताटे, आणि पावसाकडे लागलेले डोळे. डोंगर तिला एकदाच भेटला, तोही अंधारात. वडिलांच्या शेवटच्या आजारात तिला मुंबईच्या खेपा कराव्या लागल्या. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूर सोडते आणि सकाळी मुंबई गाठते. त्यामुळे भोर घाट लागतो तो पहाटेच्या काळोखात. वडील बाकावर निजलेले आणि आई खिडकीशी जागी, असे ते प्रवास झाले. बोगदा आला की आवाज बदलायचा, बोगदा संपला की गार वारा आत यायचा. तिला घाट ठाऊक आहे तो एवढाच.

यंदा होळीच्या सुमारास तिच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले. हा रोग मोठा कावेबाज आहे. तो नजरेच्या कडा आधी खातो आणि मध्य शेवटी. त्यामुळे चोरी झाल्याचे घरधन्याला फार उशिरा कळते. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली औषधाने राखायची, एवढेच हाती असते. उजव्या डोळ्याचे काम जवळजवळ संपले होते. दवाखान्यातून परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “घाट तेवढा उजेडी बघायचा राह्यला.” तक्रारीचा सूर नव्हता. एखादे वाळवण गच्चीवर राहिले, असे सांगावे तसे तिने सांगितले.

मला माथेरानची गाडी आठवली, ती त्या क्षणी. सुट्टीत न्यावे, असे मनात आले. आणि ते मी घरात बोलून दाखवले मात्र, हिशेब सुरू झाला.

धाकटा भाऊ व्यवहारी आहे आणि आईवर त्याची माया माझ्याहून कमी नाही. तो म्हणाला, “दादा, तिला दिसणार किती? एवढी दगदग करून न्यायचं, आणि तिथं जाऊन ती विचारणार, कुठं आहे दरी? त्यापेक्षा मोबाइलवर त्या गाडीची फिल्म लावून दाखव. मोठी करून दाखवता येते.” शाळेतल्या एका स्नेह्याने दुसरी बाजू मांडली. तो तिकडे जाऊन आलेला. “अहो मास्तर, एकवीस किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात. मोटार अर्ध्या तासात दस्तुरीला सोडते. तिथून अमन लॉज स्टेशन जवळ. शटलगाडीत बसा, बाजारात उतरा. गाडीची हौसही भागली आणि वेळही वाचला.” एवढे सांगून, वाटेतल्या एकुलत्या एका बोगद्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात, हेही त्याने डोळे मिचकावून सांगितले.

दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. उलट त्या गाडीची माहिती जसजशी मिळवू लागलो, तसतशी हिशेबाची बाजू अधिकच बळकट होऊ लागली. माथेरान इंग्रजांच्या नजरेस पडले ते १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले तेव्हा. रूळ आले त्यानंतर अर्ध्या शतकाने. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग झाला. त्याला सुमारे सोळा लाख रुपये लागले, असे सांगतात. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. काही ठिकाणी चढ इतका उभा की वीस पावले पुढे जावे तेव्हा एक पाऊल वर चढावे. गाडी डोंगराला सरळ भिडत नाही; वळसे घेत, पुन्हा पुन्हा त्याच दरीशी येत, ती आठशे मीटर उंचीचे पठार गाठते. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंदच असते. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे रुळांवरून घसरले म्हणून वाहतूक थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले. नेरळहून पुरती गाडी सुटायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. नफ्यातोट्याच्या वहीत ही गाडी लिहायची झाली, तर शहाणा कारकून तिला पहिल्याच पानावर रेघ मारील. तरी दर खेपेला कोणीतरी कुदळ-फावडे घेऊन गेले आणि रूळ पुन्हा बसवले.

या टप्प्यावर मला आमच्या जिल्ह्यातली दुसरी छोटी गाडी आठवली: बार्शी लाइट. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने अडीच फुटी रुळांवर ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला नेली आणि १९०६ साली ती पंढरपूरला पोचली. आता ते रूळ रुंद झाले आहेत; पण आईचे माहेरपण त्या छोट्या गाडीत गेले. आषाढीला डब्यात पाय ठेवायला जागा नसे. तिच्या आजीने तिला खिडकीतून आत ढकलल्याची गोष्ट ती अजून हसत सांगते. पंढरपुरात उतरायचे, तासन्‌तास बारीला उभे राहायचे आणि विठोबापुढे क्षणभर टेकायचे. मागचा माणूस ढकलायचा, बडवे पुढे सारायचे, आणि संपले. तिकीट, वेळ आणि दगदग एका पारड्यात टाकून, “या क्षणाचे मोल भरून आले काय?” असे त्या गाडीतल्या कोणी कधी विचारले नसेल.

आणि तिथे आंधळेही जातात. त्यांना नातेवाईक हाताला धरून नेतात, पायांवर डोके टेकवतात. बाहेर आल्यावर ते “दर्शन झालं” असेच म्हणतात आणि त्यांना कोणी दुरुस्त करीत नाही. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. देखावा डोळ्यांना दिसतो. दर्शन माणसाला होते. देखाव्याचे मोजमाप करता येते: किती दरी दिसली, धुके होते की नव्हते, खिडकीची जागा मिळाली की नाही. भावाचा प्रश्न देखाव्याचा होता. “तिला दिसणार किती?” या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते उत्तर निराशाजनक आहे. पण आईने देखावा मागितलाच नव्हता. ज्या घाटातून आपण आयुष्यातली सर्वांत वाईट रात्र काढली, त्याच्यासारख्या घाटाच्या पुढ्यात एकदा उजेडी, कोणाचे दुखणे सोबत नसताना, तिला बसायचे होते.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही डोंगराचा देव करीत आहात. पंढरीची वारी ही भक्ती आणि माथेरान ही हौस. हौशीला भक्तीचे कपडे चढवू नका. हा आक्षेप मला मान्य आहे. माथेरान हवा खायला जाणाऱ्यांनी वसवले आणि त्यांची हवा दुसऱ्याच्या श्वासावर चालली. गावात मोटारींना बंदी. म्हणून माणसांना माणसेच हातरिक्षात बसवून ओढीत. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. भोर घाटाची गोष्ट याहून भीषण आहे. तो मार्ग बांधताना १८६१ च्या जानेवारीत बेचाळीस हजार मजूर कामावर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतली किती माणसे गेली, त्यांची नावे कुठल्याही बोगद्यावर कोरलेली नाहीत. १८६३ साली घाट खुला झाला आणि तेव्हापासून आपण त्यातून झोपेत जातो. सौंदर्य फुकट असते, ही समजूत ज्याने रूळ उचलले नाहीत त्याची आहे.

मग जाऊ नये काय? मी बराच काळ याच मुद्द्यावर अडून होतो, आणि खरे सांगायचे तर मला हा मुद्दा आवडू लागला होता. हे कळले तेव्हा मी दचकलो. न जाण्यासाठी मला एक उदात्त कारण सापडले होते आणि त्याच्या आडोशाला पैसे वाचत होते! मजुरांचे ऋण मानायचे, तर त्यांनी बांधलेल्या वाटेकडे पाठ फिरवून ते फिटत नाही. जाणारा जागा राहून गेला, तर निदान त्या ऋणाची आठवण तरी राहील.

पैशाची गोष्टही इथेच सांगून टाकतो. वडिलांचा एक नियम होता: गरजेला खर्च, हौसेला नाही. दुष्काळी मुलखात हा नियम शहाणपणाचा होता. त्याच्यामुळेच आम्ही दोघे भाऊ शिकलो. पण काटकसरीचा एक दोष आहे. ज्या टंचाईसाठी ती जन्मते, ती टंचाई सरली तरी ती घरातून जात नाही. मग ती सवय होते, आणि सवय झाल्यावर ती कोणाच्या इच्छेवर कात्री चालवते हे पाहतसुद्धा नाही. आमच्या घरात ती कात्री चालली आईवर. वडिलांची औषधे ही गरज, माझी पुस्तके ही गरज, भावाची दुचाकी ही गरज. आईचे जे जे काही, त्याला मात्र आम्ही हौस म्हणत आलो. पन्नास वर्षांत तिने मागितलेल्या वस्तू मी आठवून पाहिल्या. यादी एका हाताच्या बोटांवर संपली, आणि त्यांतल्या दोन आम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणून टाळलेल्या होत्या.

तेव्हा हिशेब चुकीचा नव्हता. तो चुकीच्या माणसाने मांडला होता. एखादी सहल घेण्याजोगी आहे की नाही, हे स्वतःपुरते विचारणे योग्यच आहे. माझ्या एकट्यासाठी मी त्या स्नेह्याचे ऐकून मोटारीने गेलो असतो, किंवा गेलोच नसतो. पण दुसऱ्याच्या इच्छेची किंमत आपल्या तराजूत तोलू लागलो की आपण नकळत तिचे मालक होतो. मदत करणाऱ्याच्या, पोसणाऱ्याच्या, शिकलेल्याच्या हातून हा अपराध फार सहज घडतो.

एवढे सगळे ठरल्यावर मी आईला विचारले. हे आधीच विचारायला हवे होते. मी भावाचीच शंका तिच्यापुढे ठेवली: तुला नीट दिसलं नाही तर? तिने भाकरी थापता थापता उत्तर दिले, “दिसंल तेवढं बघीन. न्हाई दिसलं ते तू सांग की. मास्तर हाईस न्हवं?”

या उत्तराने मी अडचणीत आलो आहे. माझ्या दोन कादंबऱ्यांत घाट आहेत आणि दोन्ही ऐकीव. दऱ्यांवर धुक्याचे पदर मी टेबलाशी बसून पसरले, कारण ते कोणी तपासायला येणार नव्हते. आता अडीच तास एक बाई शेजारी बसणार आणि विचारणार, “आता काय दिसतंय?” तिला उपमा चालणार नाही. झाड असेल तर कुठले झाड, माकडे किती, दरी खोल म्हणजे आपल्या विहिरीच्या किती पट, असे ती विचारील. मोबाइलवरची फिल्म हे सांगू शकली नसती. पण मला तरी सांगता येईल का, याची खात्री नाही. मोटारीने अर्ध्या तासात हे जमणार नाही, एवढे मात्र नक्की. त्या गाडीची चाल संथ आहे, हा मला तिचा दोष वाटत होता. आता तोच एक आधार वाटतो.

दिवाळी झाली की निघायचे ठरले आहे. रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून लोकलने उलटे नेरळ. डबे लहान, जागा मोजक्या. पहिल्या दिवशी तिकीट मिळाले नाही तर नेरळात मुक्काम करू. परतताना दिवसाच्या गाडीने भोर घाटातून यायचे, म्हणजे तिचा घाटही उजेडी होईल. भावाने सुरुवातीला मान हलवली, मग परवा संध्याकाळी येऊन आईसाठी एक स्वेटर देऊन गेला. आईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधायचे ठरवले आहे; डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली मी माझ्याजवळ ठेवणार आहे. दोन वेळा थेंब घालायचे, त्यांतली सकाळची वेळ गाडी घाट चढत असतानाच येईल. तेव्हा पाच मिनिटे तिला डोळे मिटून बसावे लागेल. ती पाच मिनिटे मी बोलत राहीन.