कर भरला, वर्गणीही भरली

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात कैरो नावाचं लहानसं गाव आहे. तिथं १९२२ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी एका शिक्षकाची लाकडी शाळा बांधली गेली. मुलांचा वावर केव्हाच संपला. पुढं ती गावकऱ्यांच्या मेळाव्यांची जागा झाली.

१९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेकडच्या पंधरा राज्यांत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. कल्पना कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांची, पैसा शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचा, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. गावानंही आपला वाटा उचलावा, अशी देणगीची अटच होती. कुणी जागा दिली, कुणी लाकूड, कुणी कोंबड्या विकून आलेले पैसे. शेतातला कापसाचा एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवणारेही होते. एकूण हिशेबात कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वर्गणी रोझेनवाल्ड यांच्या देणगीहून जास्त भरते.

मला छळतो तो प्रश्न इथंच आहे. हीच माणसं सरकारला करही भरत होती. त्या करातून गोऱ्या मुलांच्या शाळा नीट चालत, यांच्या वाट्याला उरलंसुरलं येई. जे हक्कानं मिळायला हवं त्यासाठी गरिबाकडून पुन्हा वर्गणी मागणं न्याय्य होतं का? नव्हतंच. तरीही त्यांनी ती दिली, कारण न्याय येईपर्यंत मुलांचं वय थांबणार नव्हतं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलाममुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांना ही घाई लगेच उमगली असती.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर या शाळा एकेक करून बंद पडत गेल्या. हवा असलेला निकाल लागला आणि घामानं उभारलेली इमारत रिकामी झाली. बऱ्याच कोसळल्या. ज्या सभागृह म्हणून टिकल्या, त्यांची पायरी उतरली असं मात्र मला वाटत नाही. दोन शिक्षकांच्या शाळांच्या नकाशातच वर्गांमधली आडभिंत सरकवता येईल अशी सोय असे, म्हणजे गावाला एकत्र बसायला जागा मिळावी. सभा भरवणं त्या भिंतींना पहिल्यापासून ठाऊक होतं.

म्हणून टिकलेल्या इमारतींची किल्ली कुणाकडे असावी, यावर पहिला शब्द त्या वर्गणीदारांच्या नातवंडांचा असला पाहिजे. दुरुस्तीचा खर्च मात्र या वेळी सरकारनं उचलावा. या कुटुंबांनी शाळेचे पैसे आधीच दोनदा भरले आहेत.