द्यूताध्यक्ष ते करआयुक्त

कौटिल्याने जुगारावर बंदी घातली नाही, त्याला जागा नेमून दिली. 'अर्थशास्त्रा'तला द्यूताध्यक्ष सगळा जुगार एका ठिकाणी आणतो. बाहेर जो खेळेल त्याला बारा पण दंड. कारणही रोखठोक दिलं आहे: लपूनछपून पोट भरणारे हाती लागावेत. चोरीचा पैसा फार दिवस गप्प बसत नाही, कधी ना कधी फडावर येतोच. जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच अध्यक्षाचे, शिवाय फासे, जागा आणि पाणी यांचं भाडं. मनूला ही तडजोड पसंत नव्हती. राजाने जुगार राज्यातून हाकलून द्यावा असं त्याचं म्हणणं. याज्ञवल्क्य मात्र कौटिल्याच्या बाजूने उभा राहतो आणि चोर ओळखण्याचंच कारण देतो.

या सगळ्यात मला तो पाच टक्क्यांचा आकडा फार शहाणपणाचा वाटतो. सरकारच्या फडावर जायचं की कुणाच्या माजघरात डाव मांडायचा, हे जुगारीही हिशेब करूनच ठरवतो. वसुली हलकी असेल तोवरच तो नजरेखाली राहतो. ज्याला जुगार दिसायला हवा आहे, त्याला त्यातून फार कमावता येत नाही.

इंग्रजांना जुगार दिसायलाच नको होता. 1867 चा कायदा आणि मुंबई इलाख्याचा 1887 चा कायदा, दोन्हींचा रोख अड्डे, साधनं आणि चारचौघांतला खेळ यांवर. मुंबईकर तेव्हा पावसावरही पैसे लावत. तो प्रकार कायद्याच्या चौकटीत बसेना, म्हणून 1890 मध्ये दुरुस्ती करून पावसावरच्या पैजाही त्यात घालाव्या लागल्या. घोड्यांच्या शर्यतींना मात्र 1912 च्या कायद्याने रीतसर परवाने मिळाले. साहेबाचा छंद तो शौक, बाकीच्यांचं ते व्यसन.

स्वातंत्र्यानंतर सूर बदलला. मुंबई राज्याच्या 1948 च्या लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांच्या कायद्याच्या नावातच 'नियंत्रण आणि कर' असे दोन शब्द शेजारी बसले होते. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्यावर या कायद्याने कर बसला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1957 च्या निकालात सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी ऋग्वेद, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य सगळ्यांना साक्षीला बोलावलं आणि ठरवलं की जुगार हा घटनेचं संरक्षण मिळावं असा व्यापारच नव्हे. निकालात कौटिल्यही येतो, पण त्याची ओळख जुगारातून थोडा महसूल मिळाला तर ज्याला वावडं नाही असा व्यवहारी माणूस अशी होते. परिणाम असा की जो धंदा म्हणून मान्य नाही, त्यावर कर लावायला सरकार मोकळं झालं. बारा वर्षांनी, 1969 मध्ये, महाराष्ट्राने स्वतःचीच लॉटरी काढली. केरळने ती 1967 मध्येच सुरू केली होती.

तोवर मुंबईत आकडा जोरात होता. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर चालणारा सट्टा ते भाव बंद झाल्यावर मटक्यात उतरला. 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी तो गिरणगावात घरोघरी पोचवला. तीन पानं काढायची, समजा तिर्री, छक्की, अठ्ठी. बेरीज सतरा, शेवटचा अंक सात, म्हणून 'ओपन' आला सत्ता. एकाला नऊ हा भाव. दहाही आकड्यांवर रुपया रुपया लावला तर दहातले नऊ परत येतात. उरलेल्या एका रुपयात बुकी, पाटीवाला, हप्ता सगळे भागतात. कर नाही, पावती नाही, ओळखीवर उधारी. लॉटरीच्या सरकारी खिडकीला या भावाशी स्पर्धा करायची होती, आणि त्याच वेळी तिजोरीही भरायची होती.

ही ओढाताण परवा ऑनलाइन खेळांत उघडी पडली. शंभर रुपये लावले आणि कंपनीने त्यातले दहा कापले, तर त्या दहावर 18 टक्के, म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे असा जीएसटी कंपन्या भरत. 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के लागले. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, केंद्राच्या कायद्याने बंदच झाले. आणि महिन्याभरातच, 22 सप्टेंबरपासून, कॅसिनो, रेसकोर्स आणि लॉटरी 40 टक्क्यांच्या टप्प्यात गेली. एकीकडे मनू, दुसरीकडे मुनीम. ज्या परदेशी ॲपवर किंवा गल्लीतल्या बुकीकडे यातला एकही टक्का लागत नाही, त्याच्याशी गाठ घालायला उरलं कोण?

गोव्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. 1976 मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोंना वाट देणारा कायदा केला. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. त्याच 1976 मध्ये गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला. त्यालाच 1992 मध्ये खिडकी पाडून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली, 1996 मध्ये जहाजांवर पत्त्यांची टेबलं. पर्यटनाचं कारण सांगितलं गेलं. जहाजं मांडवी नदीतून हलवण्याची आश्वासनं दिली गेली, मुदती वाढत गेल्या. रोजगार आला हे खरंच, नाकारण्यात अर्थ नाही. पण 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई झाली. आपल्या माणसांना जे घातक, ते पाहुण्यांना चालतं, असं कुठल्याही सरकारने इतक्या उघडपणे क्वचितच कबूल केलं असेल. या मनाईवर देखरेख करणारा गेमिंग आयुक्त म्हणून नेमणूक झाली ती वाणिज्य कर आयुक्ताची. पाहुण्यांत पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-बेळगावचे पुष्कळ असतात. त्यांनी मांडवीत हरलेला पैसा घरी कुठल्या खर्चातून वजा झाला, हा हिशेब ना गोव्याच्या अर्थसंकल्पात येतो, ना महाराष्ट्राच्या.